डाव्या हाताची बावीस कार्डं

नसीम, तू गेलीस हे मला तीन दिवसांनी कळलं. शुक्रवारी तू गेलीस, त्याच दिवशी संध्याकाळच्या आत तुला दफन केलं, आणि सोमवारी दुपारी साजेदाभाभीचा फोन आला. मी तेव्हा जेवणाची भांडी घासत होते. अमरावतीहून अकोल्याला यायला दोन-अडीच तास लागतात. मी पोचले असते. तुझ्या घरातल्या बायकांमध्ये बसले असते, तुझा चेहरा पाहिला असता. भाभीला मी विचारलं, तेव्हाच का नाही कळवलं, आणि जरा जोरातच विचारलं. ती म्हणाली, "तिनंच सांगितलं होतं ताई. म्हणे अमरावतीले मागून कळवजा. सुनंदा येईन अन् भांडन."

बरोबर सांगितलंस. भांडलेच असते.

गेलेल्या माणसावर रागावू नये, असं आमच्याकडे घरातले सांगतात. माझे मिस्टर दोनदा सांगून गेले. मुलीनंही फोनवर हळूच सांगितलं, आई, आता सोडून दे. पण सोडून कोणाला देऊ? तू समोर असतीस तर सोडलंही असतं. दहा वर्षांत मी तुझ्यावर कितीदा रागावले आणि कितीदा सोडून दिलं, त्याचा काही नेम नाही. या वेळी तू मला संधीच ठेवली नाहीस. म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येणार नाही हे मला कळतं, तरी लिहिते आहे.

तुझी-माझी ओळख एका पोपटावरून झाली. मी शाळेत कार्यानुभव शिकवायची. पोरांच्या वह्यांवर मारायला मला 'छान' असा शिक्का हवा होता, आणि शेजारी एक हसरा पोपट. अमरावतीत सगळीकडे तेच ते तयार शिक्के दाखवले. अकोल्याला नणंदेकडे आले होते, तिनं जुन्या शहरातल्या तुमच्या दुकानाचा पत्ता दिला. तुझे अब्बा तेव्हा नुकतेच वारले होते. तुझे भाऊ रफिकभाई काउंटरमागे कॉम्प्युटरवर कोण्या ग्रामपंचायतीचा गोल शिक्का जुळवत होते, आणि तू दाराजवळ, उजेडात बसून, जुन्या स्लिपरच्या तळव्यावर ब्लेडनं काहीतरी कोरत होतीस. चष्मा नाकाच्या पार शेंड्यावर. मी पोपट सांगितला. तू मान वर न करता म्हणालीस, "पोपट हसत नाही मॅडम. चोचीनं कसा हसन?"

मी म्हटलं, मुलांसाठी आहे, थोडा हसरा असला तर बरं.

"मग दात काढू का त्याले?"

मला राग आला होता, तेव्हाच. पण तू खोडरबराच्या एका तुकड्यावर माझ्यासमोर पोपट कोरलास, अर्धा तास लागला असेल, आणि तो कागदावर उमटवून माझ्यापुढे सरकवलास. मान तिरकी करून बघणारा, जरा संशयी पोपट. हसत नव्हता. पण पोरं त्याच्यासाठी गृहपाठ वेळेवर करायला लागली. 'पोपट मिळाला' असं म्हणायची, 'छान मिळालं' कोणी म्हणायचं नाही.

त्याच दिवशी तू मला ड्रॉवर उघडून दाखवलास. पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढी कार्डं, शंभरेक असतील. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद, त्यावर एसटीच्या तिकिटाचा तुकडा, साडीच्या काठाचा धागा, सरकीसकट चिकटवलेला कापसाचा बोटभर पुंजका, आणि त्या सगळ्यावर तू कोरलेला एखादाच ठसा. तुरीची शेंग. निंबाची डहाळी. उलटी ठेवलेली चप्पल. एकाही कार्डात जागा वाया गेली नव्हती आणि एकातही गर्दी नव्हती. मी विचारलं, हे कोणाला देतेस? म्हणालीस, "कोणालेच नाही. ड्रॉवर भरला की खालचे काढून टाकते."

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, मला दे, मी तुला माझं करून देते. अदलाबदल. तिथून आपलं सुरू झालं. दोघींच्या चौघी झाल्या, चौघींच्या बारा. फोनवर ग्रुप केला, नाव तूच ठेवलंस, 'मूठभर'. दर दोन महिन्यांनी एक विषय ठरायचा. प्रत्येकीनं त्या विषयावर अकरा कार्डं करायची, पोस्टानं माझ्याकडे पाठवायची, मी वाटे करून प्रत्येकीला बाकीच्या अकराजणींचं एकेक कार्ड पाठवायची. त्याला आपण फेरी म्हणायचो. तेल्हाऱ्याच्या कापडदुकानवाल्या वहिनी होत्या, सेमाडोहच्या शाळेतली रंजना होती, माझ्या माहेरची, वलगावची, फुलं विकणारी माझी चुलतबहीण होती. कोणी कोणाला विकायचं नाही, आणि ठसा स्वतःच्या हातानं कोरलेला पाहिजे, हे दोन नियम तुझे. आणि तिसराही तुझाच. लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या की नाव कमी.

तिसऱ्यावर मी तेव्हाही हरकत घेतली होती. म्हटलं, नसीम, घरोघरी आजारपणं असतात, लग्नकार्यं असतात, जरा ढील दे. तू म्हणालीस, "बाईचं कोनतं काम सगळ्यात आधी सुटते, सांग बरं? जे तिचं सोताचं असते थे. कडक नाही ठेवलं तर सा महिन्यात बंद पडन हे." मी हरकत मागे घेतली, कारण ते खरं होतं. तू केलेला नियम मी चालवत राहिले, आणि पुढे तो तुझ्यावरच चालवला. म्हणून आज हे सगळं सांगावं लागतं आहे.

पहिल्या फेरीत माझीच कार्डं तू परत पाठवली होतीस, आठवतं का. मी वलगावहून आणलेल्या शेवंतीच्या पाकळ्या वहीत दाबून वाळवल्या होत्या आणि कार्डावर चिकटवल्या होत्या. मला ती फार सुंदर वाटत होती. चार दिवसांनी पाकीट परत. आत तुझी चिठ्ठी. 'गोंद पाकळीच्या वर आला. घाईत केलं दिसते. परत कर.' मी रडले रागानं. वर्गात पंचेचाळीस पोरांना शिकवणारी बाई मी, आणि ही शिक्केवाली मला परत कर म्हणते. पण कार्ड खिडकीपाशी धरलं तर गोंद खरंच चकाकत होता. परत केली. दुसऱ्या वेळी कार्डं ठेवून घेतलीस. चांगलं झालं असं काही म्हणाली नाहीस, ते तू कधी म्हणायचीच नाहीस. ठेवून घेतलंस की समजायचं.

तुझे उपकारही आहेत, आणि ते मोजत बसले तर माझा राग निघून जाईल, म्हणून एकच सांगते. माझी आई गेली तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी वलगावला आलीस, एकटी, एसटीनं. तेराव्याच्या तयारीच्या गडबडीत सगळे हिश्शांचं आणि पंगतीचं बोलत होते. तू परसात माझ्याजवळ येऊन बसलीस आणि आईचं एखादं जुनं लुगडं मिळेल का म्हणून विचारलंस. त्या लुगड्याच्या काठाची तू पाच कार्डं केलीस, आम्हा पाच भावंडांची पाच. प्रत्येकावर आईच्या हातातल्या खुरप्याचा ठसा. मी तुला खुरप्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. ते तिच्या खाटेखाली ठेवलेलं तू पाहिलं होतंस. माझा थोरला भाऊ, जो तोपर्यंत रडला नव्हता, तो ते कार्ड घेऊन गोठ्यात जाऊन बसला.

अशी तू. दुसऱ्याच्या खाटेखालचं खुरपं तुला दिसायचं. आणि स्वतःच्या अंगातली गाठ तू वर्षभर अंगावर काढलीस. कोणाला सांगितलं नाहीस, दवाखान्यात गेली नाहीस. शिकलेली बाई, दुकान चालवणारी, साऱ्या जगाला 'परत कर' म्हणून सांगणारी. भाभी सांगत होती, आंघोळीनंतर एकदा तिलाच ते दिसलं म्हणून तरी नागपूरला नेलं. नाहीतर तू तशीच कोरत बसली असतीस. हा माझा पहिला राग. यात माझी काही चूक नाही, हा निव्वळ तुझा आहे, आणि हा मी कधीच सोडणार नाही.

आता दुसरा. तो सांगायला मला अवघड जातं.

मागच्या दिवाळीच्या आधी ग्रुपवर वाद झाला. नव्या आलेल्या दोघींना कोरता येत नव्हतं. एकीच्या बोटाला ब्लेड लागून टाके पडले होते. त्या म्हणाल्या, आजकाल तयार ठसे घरपोच मिळतात, काय सुंदर नक्ष्या असतात, ते वापरले तर चालेल का. मी विचार केला आणि चालेल म्हणून लिहून टाकलं. तुला न विचारता. दोन दिवस तू काही बोलली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला.

तू म्हणालीस, "सुनंदा, एक सांगायचं होतं तुले." मला वाटलं, झालं, आता ठशावरून सुरू होणार. मी म्हटलं, थांब, आधी माझं ऐकून घे. आणि मी सुरू झाले. बायकांना सवड नसते, हात चालत नाहीत, सगळ्यांना तुझ्यासारखं जमलं पाहिजे असा हट्ट का, असं बरंच. तू मध्ये एकदाच म्हणालीस, "इकतचा ठसा म्हनजे दुसऱ्याच्या हातानं सही करनं आहे, अन् थे तुलेही माईत आहे." त्यावर मी जे बोलले ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, तुझं ठीक आहे नसीम, सगळ्यांचे बाप शिक्केवाले नसतात.

तू फोन ठेवलास.

त्यानंतरच्या फेरीला तुझी कार्डं आली नाहीत. विषय होता 'उन्हाळा'. मला वाटलं, रुसली. चार दिवस जास्त थांबले, मग वाटे करून पाठवून दिले. त्याच्या पुढची फेरी 'उंबरठा', तीही चुकली. मी फोन केला नाही. मेसेजही केला नाही. रोज वाटायचं, तिनं करावा. ती रुसली आहे, तर तिनं बोलावं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी शाळेतल्या पोरीसारखी वागत होते आणि मला ते कळतही होतं. मध्ये एकदा नणंदेकडे अकोल्याला आले. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत ऑटोनं आले आणि ऑटोवाल्याला म्हटलं, नको, सरळ घ्या.

मग मी ग्रुपवर लिहिलं. मला ते शब्द पाठ आहेत, कारण या आठवड्यात मी ते किती वेळा वाचले त्याला गणती नाही. 'नसीम यांच्या लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या आहेत. नियमाप्रमाणे त्यांचं नाव कमी करीत आहे. नियम सर्वांना सारखा आहे.' नसीम यांच्या, असं लिहिलं मी. यांच्या. दहा वर्षांत पहिल्यांदा तुला मी आदरार्थी केलं, टोचावं म्हणून.

तुझं उत्तर पाच मिनिटांत आलं. 'बरोबर आहे. नियम म्हणजे नियम.' बस.

त्या दिवशी तुझी तिसरी केमो होऊन दोन दिवस झाले होते. हे मला आता कळतं आहे. तू खाटेवर पडून, बादली शेजारी ठेवून, मला बरोबर आहे म्हणून लिहीत होतीस. रंजनानं मला सेमाडोहहून वेगळा मेसेज केला होता, ताई, नसीमआपांना एकदा विचारलं असतं तर. मी तिलाही झापलं. तू एक शब्द लिहिला असतास, नसीम. एकच. आजारी आहे, एवढं. मी पुढच्याच गाडीनं आले असते आणि तुझ्या पायाशी बसले असते. ते तू केलं नाहीस. तू मला ते नाव खोडू दिलंस. सगळ्यांसमोर मला निर्दयी होऊ दिलंस आणि वर शाबासकी दिलीस. याला काय म्हणायचं ते तू सांग.

भाभीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला आले. रफिकभाईंनी दार उघडलं. चार दिवसांत वाळून गेल्यासारखे दिसत होते. मला आत बसवलं, पाणी दिलं आणि दुकानाकडे निघून गेले, बहुधा माझ्यासमोर रडायला नको म्हणून. साजेदाभाभी ओट्यापाशी डाळ निवडत होती. तुझ्या भावाची बायको, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. इतक्या वर्षांत मी तुझ्या घरी किती वेळा चहा घेतला, आणि तिच्याशी चार वाक्यांपलीकडे बोलले नव्हते.

मी तिच्यावरच चढले. म्हटलं, भाभी, तिनं सांगितलं आणि तुम्ही ऐकलं? दहा महिने? मला एक फोन करता आला नाही?

तिनं ताट खाली ठेवलं. "मले काहून बोलून राहिल्या ताई तुमी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दहा महिने मी तिचा हात चोळला. उजवा हात असा सुजला होता, उशीवानी. इकडची, छातीतली गाठ काढली तवा बगलेतूनही काढलं नं, तवापासून. बोटं वळत नव्हती तिची. मी तिले आंघोळ घातली, मी तिचे केस गोळा केले. रोज म्हनत होती मी, सुनंदाताईले सांगू द्या. रोज. तर म्हने, मेल्यावर सांगजो. तुमचा फोन येईन म्हनून वाट पाहे मी. एकदा तरी येईन. नाई आला."

मी तिचं ताट ओढून डाळ निवडायला लागले.

"तिनं केला होता तुमाले," भाभी म्हणाली. "नागपूरहून. रिपोर्ट हातात आला, तवा दवाखान्यातूनच केला. मी शेजारीच होती. म्हने, सुनंदाले सांगते आधी. मग फोन ठेवला अन् म्हने, आता नोको. आता सांगितलं तर तिले वाटन मी दया मागून राहिली."

एक सांगायचं होतं तुले, असं तू म्हणाली होतीस. मी थांब म्हटलं होतं.

मग साजेदाभाभी एकदम म्हणाली, "मलेही लय राग येते तिचा. कोनाले सांगू? घरात सगळे म्हनतात, सबर कर. तिनं मले सगळ्या मोहल्ल्याशी खोटं बोलाले लावलं. कोनी विचारलं का नसीम दिसत नाही, तर म्हनायचं, गुडघे दुखतात. मले खोटं बोलता येत नाही ताई, माह्या तोंडावर दिसते. अन् मग मलेच म्हने, भाभी, तुले नीट खोटंही बोलता येत नाही." हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग मीही. तुझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी तास-दीड तास तुझ्या नावानं यथेच्छ बोटं मोडली. तू खाण्यात किती नखरे करायचीस ते निघालं. दुसऱ्याची भाजी चाखून मीठ कमी म्हणायचीस ते निघालं. कोणाचे आभार मानणं तुझ्या जिवावर यायचं ते निघालं. तुला आवडलं नसतं. भाभीनं मला वरण-भात वाढला, आणि हात धुऊन ती आतून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली.

त्यात बावीस कार्डं होती. 'उन्हाळा' अकरा आणि 'उंबरठा' अकरा.

तू ती डाव्या हातानं केली होतीस. भाभीनं सांगायची गरज नव्हती, दिसत होतं. रबर नीट कापला गेला नव्हता, ठशाच्या कडा फाटल्या होत्या. उन्हाळ्यावर तू माठ कोरला होतास, आणि माठाची एक बाजू खाली घसरली होती. उंबरठ्यावर फक्त दोन चपला, एक सरळ, एक वाकडी, आणि ती वाकडी मुद्दाम होती का हात घसरला हे मला ठरवता येईना. शाई एकीकडे दाट, एकीकडे पुसट. गोंद कडेनं बाहेर आलेला. दवाखान्यातल्या पट्टीची जाळी तू उन्हासारखी चिकटवली होतीस. एका कार्डावर तुझ्या अंगठ्याचा शाईचा ठसा पडला होता आणि तो तू पुसायचा प्रयत्न केला होतास, त्यानं तो जास्तच पसरला होता.

"तीन तीन आठवडे बसली ती यावर," भाभी म्हणाली. "मी म्हटलं, झाले नं, टाकते पोष्टात. तर म्हने, नोको. सुनंदा परत करन."

नसीम, हे वाक्य मी माझ्याबरोबर घेऊन आले आणि ते अजून जात नाही. परत केली असती का मी? आजारपण ठाऊक नसताना, तुझ्यावर रागावलेली असताना, हे पाकीट माझ्या दारात आलं असतं तर? मी स्वतःशी खोटं बोलून पाहिलं. जमलं नाही. मी परत केली असती. वर चिठ्ठीही लिहिली असती. गोंद बाहेर आला, घाईत केलं दिसते. तुला तेवढं माझं अंतरंग माहीत होतं, आणि म्हणून मला तुझा सगळ्यात जास्त राग येतो. तू माझी परीक्षाच घेतली नाहीस. मी नापास होणार हे धरूनच चाललीस. कदाचित झाले असते. कदाचित पाकीट उघडल्यावर माठ पाहून मी थबकले असते आणि म्हटलं असतं, हिचा हात असा कधी घसरत नाही, हिला काय झालं. ते कळायची सोय तू ठेवली नाहीस. डब्याचं झाकण लावून ठेवून दिलंस.

आणि कार्डं चांगली नव्हती, हेही मी सांगणार. गेली म्हणून त्यांना सुंदर म्हणणार नाही. तूच मला तसं शिकवलंस. ठसा फाटला होता आणि फाटलाच होता. पण ती केली होतीस तू. वेळेत केली होतीस. भाभीनं दिवस सांगितले, मी मोजले, दोन्ही फेऱ्यांच्या मुदतीच्या आत होती. म्हणजे तुझी एकही फेरी चुकली नव्हती.

निघताना रफिकभाई तुझ्या कोरलेल्या ठशांची पेटी घेऊन आले. म्हणाले, "ताई, हे तुमच्याकडंच राहू द्या. आमच्या घरात आता याले कोनी हात लावनार नाही." मी नाही म्हटलं. ठसे तुझ्या घरात राहू दे. भाभी ते पाहत होती, तिला हवे असतील असं मला वाटलं. मी फक्त डबा मागितला.

घरी येऊन मी आधी ग्रुपवर तुझी बातमी लिहिली. त्याखाली लिहिलं की नाव कमी करण्यात माझी चूक झाली, तिच्या दोन्ही फेऱ्या वेळेत तयार होत्या, आणि आजपासून तिचं नाव यादीत परत आहे. तिसरा नियम काढून टाकला. तुला तो काढलेला आवडणार नाही. तुझं म्हणणं खरंही ठरेल, कदाचित सहा महिन्यांत सगळं बंद पडेल. पडू दे. विकतच्या ठशांना दिलेली परवानगी मात्र मी मागे घेतलेली नाही, ते चालू राहतील. तो वाद आपला राहिलाच. मला अजूनही वाटतं की तू त्यात चूक होतीस.

काल मी दहा पाकिटं केली. प्रत्येकीला दोन कार्डं, एक माठ, एक चपला. माझा वाटा मी काढून ठेवला, अंगठ्याचा डाग असलेलं कार्ड मी घेतलं. तुझ्या परवानगीशिवाय हे सगळं केलं. तुला जे दाखवायचं नव्हतं ते मी दहा घरांत पाठवते आहे, आणि तुला राग येणार असेल तर येऊ दे, मला तरी कुठे कमी आला आहे.

पाकिटात नुसती कार्डं टाकता आली नाहीत. त्या बायकांनी माठ पाहून विचारलं असतं, आपांचा ठसा असा कसा आला. म्हणून प्रत्येकीसाठी एक चिठ्ठी लिहिली. फार काही लिहिलं नाही. लिहिलं की ही कार्डं नसीमनं डाव्या हातानं केली आहेत. तिचा उजवा हात चालत नव्हता. तिनं कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

शेवटचं वाक्य पहिल्या चिठ्ठीत लिहायला सकाळचा चहा गार झाला. पुढच्या चिठ्ठ्यांत ते हातानं आपोआप लिहिलं गेलं. दहा वेळा लिहून झालं, पाकिटं बंद केली आणि पोस्टात टाकून आले. त्या एका वाक्याचा राग मात्र, नसीम, तुझ्यावर नाही.